दिवे ॲपवर, भरवसा बटणावर: तालुक्याच्या गावात होम ऑटोमेशनचा धंदा



घरातले दिवे मोबाईलवर चालवून देण्याच्या धंद्यावरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात दोन गोष्टी राहून गेल्या: सॉफ्टवेअर कोणतं निवडायचं आणि कामाचा हिशोब कसा मांडायचा. त्या इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात करू सोनपेठच्या एका मुलापासून. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. आयटीआयमधून वीजतंत्री झालेला, हात स्वच्छ, घरोघरी वायरिंगची कामं करणारा. व्हिडिओ बघून त्याला वाटलं, आपणही स्मार्ट लाईटचं काम सुरू करावं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते एक निवृत्त गुरुजी. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात गुरुजी आणि बाई दोघंच. ह्याने पाच स्मार्ट बल्ब आणले, जुने काढून नवे लावले, गुरुजींच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. पुण्याच्या मुलाने तिथून बसल्या बसल्या ओसरीतला दिवा लावून दाखवला. सगळे खूश. पैसे रोख मिळाले.

आठवड्याभरात तीन फोन आले.

पहिला फोन: "बाळा, मोबाईलवरून दिवा लागत नाही." झालं असं की बाईंनी सवयीप्रमाणे झोपताना भिंतीवरचं बटण बंद केलं. बल्बला वीजच नाही, तर ॲप काय करणार?

दुसरा फोन: नेट गेलं होतं. दिवे बटणावर लागत होते, पण पैसे ज्यासाठी दिले ते काही चालत नव्हतं.

तिसरा फोन सकाळी सहाला. रात्री दोनला लाईट गेली, अडीचला आली, आणि घरातले पाचही बल्ब एकदम पेटले. गुरुजी दचकून उठले, त्यांना वाटलं घरात कोणी शिरलं. बाईंना परत झोप लागली नाही. गुरुजी चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "आमचे जुने बल्ब परत लावून दे."

मुलाने बल्ब काढले, पैसे परत केले आणि मला फोन केला. "सर, आपल्यासारख्या गावात हे चालतच नाही का?"

मी म्हणालो, "चालतं. पण तू पुण्याच्या फ्लॅटचं काम सोनपेठच्या घरात करून आलास."

आजचा सगळा धडा ह्या एका वाक्यात आहे. आता तो उलगडून बघू.

१. गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

लांबून वीज चालू-बंद करणं महाराष्ट्राच्या खेड्याला नवीन नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' आठवा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायचं यंत्र. शेतकरी घरून मोबाईलने मोटार चालू-बंद करणार, आणि शेतात वीज आहे की नाही हेही त्याला घरीच कळणार. २००९ साली त्याला नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालं. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन घरोघरी नव्हते, साध्या फोनवर हे चाललं. का चाललं? कारण रात्री-अपरात्री अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने शेतात जाणारी एक खेप वाचली. शेतकऱ्याने पैसे त्या खेपेचे दिले.

आता तुमच्या गावात ही 'खेप' कुठे आहे ते शोधा. मला दिसतात त्या जागा अशा:

• म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठतात, तो पलंगापासूनचा रस्ता.
• लग्नकार्याला घर बंद करून जाणारी मंडळी. ओसरीतला दिवा संध्याकाळी लागावा, सकाळी विझावा, म्हणजे घर रिकामं वाटत नाही.
• दुकानाची पाटी. मालक घरी गेल्यावर आठवतं की पाटीचा दिवा चालूच राहिला.
• आखाड्यावरचा, गोठ्यातला दिवा.

बघा, ह्यात रंग बदलणारा बल्ब कुठेच नाही. रंगीत बल्ब बघून लोक 'वा' म्हणतात, पण खिशात हात घालतात तो अडचण सुटल्यावर.

२. ॲपच्या आधी बोर्ड उघडा

सॉफ्टवेअर कितीही भारी असू द्या, वायरिंग चुकीची असेल तर सगळं फुकट. घर बघायला जाल तेव्हा ह्या पाच गोष्टी वहीत लिहूनच परत या.

एक, न्यूट्रल. बटणाच्या मागे बसवायच्या मॉड्यूलला स्वतःला सतत वीज लागते, म्हणून बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही हवा. ज्या बोर्डात प्लग पॉईंट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात बऱ्याचदा नसतो. तिथे न्यूट्रल ओढायचा खर्च आधीच सांगा.

दोन, इन्व्हर्टरची लाईन. परळीचं औष्णिक वीज केंद्र इतकं जवळ, तरी लाईट जायची ती जातेच. दिवा इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर त्याचं मॉड्यूलही त्याच लाईनवर हवं. दिवा इन्व्हर्टरवर आणि मॉड्यूल महावितरणच्या लाईनवर, असं झालं तर लाईट गेल्यावर मॉड्यूल झोपणार आणि इन्व्हर्टर असूनही घरात अंधार. राऊटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या.

तीन, भिंती. जुन्या माळवदाच्या घरात भिंती हात-दीड हात जाड असतात. ओसरीत ठेवलेल्या राऊटरचं वाय-फाय आतल्या खोलीत पोचेलच असं नाही. मोबाईल घेऊन प्रत्येक बोर्डासमोर उभं राहून सिग्नल बघा. स्वस्त मॉड्यूल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. राऊटरमध्ये ते चालू आहे ना, हेही तपासा.

चार, लोड. मॉड्यूलवर छापलेले अँपिअर वाचा. दिवे आणि पंखे ठीक. गीझर, पाण्याची मोटार असल्या गोष्टी छोट्या रिलेवर टाकू नका. मोटारीला कॉन्टॅक्टर लागतो.

पाच, अर्थिंग आणि आरसीसीबी. नसेल तर आधी ते काम सुचवा. तुमच्याकडे वायरिंगचा परवाना नसेल तर परवानाधारक कंत्राटदाराला बरोबर घ्या. हा विजेचा धंदा आहे, ह्यात चूक झाली तर माणूस जातो.

आणि बल्ब बदलू नका, बटणाच्या मागे मॉड्यूल बसवा. मॉड्यूलला भिंतीवरचं जुनं बटण जोडता येतं. मग बाई बटणाने दिवा बंद करतील, मुलगा पुण्याहून चालू करेल, दोघांचं भांडण नाही.

एका दिव्याला मात्र खास वागणूक द्या: बाथरूमच्या वाटेवरचा. मॉड्यूल जळलं तर त्याला जोडलेलं बटणही काम करत नाही. म्हणून ह्या दिव्याला जिन्याची वायरिंग करा. जिन्यात खाली एक आणि वर एक टू-वे बटण असतं ना, तसंच. एका बटणाच्या जागी दोन्ही बाजूंनी संपर्क देणारा रिले, दुसऱ्या जागी भिंतीवरचं टू-वे बटण. आतलं सर्किट मेलं तरी भिंतीवरचं बटण दिवा लावतं. तोटा एवढाच की दिवा चालू आहे की बंद, हे ॲपला नीट कळत नाही. चालेल. आजींना कळलं म्हणजे झालं.

३. सॉफ्टवेअर: तीन रस्ते

आता मुख्य प्रश्न. सॉफ्टवेअर निवडताना लोक स्क्रीन किती सुंदर दिसते ते बघतात. तुम्ही एकच बघा: हुकूम कोणत्या वाटेने जातो?

पहिला रस्ता, कंपनीचं ॲप. स्मार्ट लाईफ, ईवेलिंक अशी. दहा मिनिटांत जोडणी होते, वेगळा कॉम्प्युटर लागत नाही, घरातल्यांना लगेच समजतं. पण बहुतेक वेळा तुम्ही बोट लावल्यावर हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून घरी परत येतो. नेट गेलं की वाट बंद. काही ॲप, काही मॉड्यूल घरातल्या वाय-फायवर नेटशिवायही चालतात. डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. राऊटरमागची नेटची तार काढा आणि स्वतः करून बघा.

दुसरा रस्ता, मॉड्यूलच्या आत बसणारं मोकळं सॉफ्टवेअर. टास्मोटा आणि ईएसपीहोम ही दोन नावं लिहून ठेवा. दोन्ही फुकट, दोन्ही घरातल्या घरात चालतात. टास्मोटा टाकलेल्या मॉड्यूलचं स्वतःचं छोटं वेबपान असतं. मोबाईलच्या ब्राउझरमधून त्याच वाय-फायवर ते उघडतं. आत १६ टायमर असतात. अक्षांश-रेखांश भरले की सूर्यास्तावरही टायमर लावता येतो. सोनपेठसाठी साधारण १९ उत्तर आणि ७६.५ पूर्व.

सूर्यास्ताचं महत्त्व लक्षात घ्या. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातच्या थोडं पुढे. सव्वा तासाचा फरक झाला. घड्याळाचा ठरावीक टायमर लावून आलात तर वर्षातून चार वेळा तुम्हाला फोन येणार.

एक मेख आहे. ह्या मॉड्यूलला स्वतःचं घड्याळ नसतं, वेळ ते नेटवरून घेतं. लाईट जाऊन आली आणि नेमकं नेटही नसेल, तर मॉड्यूलला वेळच माहीत नसते आणि टायमर चालत नाही. म्हणूनच वर म्हटलं, मॉड्यूल आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर. शिवाय बाजारातल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये टास्मोटा टाकता येत नाही, आतली चिप वेगळी असते. शिकताना आधीच टास्मोटा टाकून मिळणारं मॉड्यूल घ्या.

तिसरा रस्ता, होम असिस्टंट. २०१३ पासून चालत आलेलं मोकळं सॉफ्टवेअर, आता ओपन होम फाउंडेशनकडे आहे. घरात एक छोटा कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, तो सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एका जागी आणतो. ताकद खूप. पण दर महिन्याला नवी आवृत्ती येते, बॅकअप घ्यावा लागतो, आणि रास्पबेरी पायमध्ये मेमरी कार्डावर चालवलं तर वारंवार लाईट जाण्याने कार्ड खराब होण्याचा धोका असतो. एसएसडी आणि यूपीएस लागतो.

माझा सल्ला? होम असिस्टंट आधी स्वतःच्या घरात लावा. तीन महिने न रडता चाललं तर मग विका. पहिल्या पाच गिऱ्हाइकांना पहिला किंवा दुसरा रस्ता पुरतो. घरात तीन दिवे चालवायला वेगळा कॉम्प्युटर म्हणजे माशी मारायला तोफ.

कोणताही रस्ता घ्या, एक सेटिंग विसरू नका: लाईट परत आल्यावर दिव्याने काय करायचं. टास्मोटात ह्याला 'पॉवरऑनस्टेट' म्हणतात. ० म्हणजे बंद राहा, १ म्हणजे चालू हो, ३ म्हणजे लाईट जाण्याआधी होतास तसा हो. कंपन्यांच्या अनेक ॲपमध्येही अशी सोय असते, मेन्यूत आत शिरून शोधावी लागते. गुरुजींच्या घरी त्या रात्री जे झालं, ते ह्या एका सेटिंगने टळलं असतं.

४. कंपनीच गेली तर?

ही भीती उगाच घालत नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा होम ऑटोमेशनचा हब होता. नेस्ट कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांनी पैसे देऊन घेतलेला डबा नुसता डबा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, गिऱ्हाइकांना आधी काही सांगितलंही नव्हतं. पुढे वापरणाऱ्यांपैकीच काही जणांनी ती कंपनी विकत घेऊन सेवा परत सुरू केली. असं नशीब प्रत्येक वेळी कुठून आणणार?

अमेरिकेतला गिऱ्हाईक कंपनीला नोटीस पाठवेल. सोनपेठचा गिऱ्हाईक तुमच्या घरी येईल. त्याने कंपनी पाहिलेली नाही, तुम्हाला पाहिलंय.

म्हणून वस्तू घेताना दोन प्रश्न विचारा: सर्व्हरशिवाय चालते का, आणि उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडता येते का? ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं सामायिक मानक आलं, ते ह्याचसाठी. मॅटरची वस्तू घरातल्या घरात बोलते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपना जोडता येते. किंमत जरा जास्त पडते, पण पर्याय असेल तर गिऱ्हाइकाला दाखवा.

५. बिल देण्याआधी 'तीन बंद'ची परीक्षा

काम संपलं की गिऱ्हाइकाला समोर उभं करा आणि त्याच्या देखत तीन गोष्टी बंद करा.

पहिला बंद: नेट. राऊटरमागची नेटची तार काढा. बटणं चालली पाहिजेत, आणि जे नेटशिवाय चालणार असं तुम्ही सांगितलंय ते चाललं पाहिजे.

दुसरा बंद: वीज. मेन खाली करा, पाच मिनिटं थांबा, वर करा. एकही दिवा मनाने पेटता कामा नये. इन्व्हर्टर असेल तर एकदा तो चालू ठेवून आणि एकदा बंद करून बघा.

तिसरा बंद: मोबाईल. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला मोबाईलशिवाय प्रत्येक दिवा लावून-विझवून दाखवायला सांगा. त्यांना तुम्हाला काही विचारावं लागलं तर काम अजून बाकी आहे.

तिन्ही पास, मगच बिल. ह्या परीक्षेला अर्धा तास लागतो आणि पुढच्या कित्येक खेपा वाचतात.

६. हिशोब मांडा

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून परत मांडा. समजा पाच दिव्यांचं काम आहे.

• मॉड्यूल व बाकी साहित्य: ४,२०० रुपये
• परवानाधारक वायरमनची मजुरी: ८०० रुपये
• येणं-जाणं: २०० रुपये
• नुकसानीसाठी राखीव, साहित्याच्या दहा टक्के: ४२० रुपये
• एकूण खर्च: ५,६२० रुपये

बिल ८,००० चं केलं तर हातात राहिले २,३८०. छान वाटतं ना? आता समजा तक्रारीसाठी दोनदा फुकट जावं लागलं. एका खेपेला पेट्रोलचे २०० आणि बुडालेल्या अर्ध्या दिवसाचे ५००. दोन खेपांचे १,४००. उरले ९८०. तिसरी आणि चौथी खेप झाली की तुम्ही पदरचे ४२० घालून लोकांच्या घरी दिवे लावताय.

म्हणजे ह्या धंद्यात नफा साहित्याच्या मार्जिनवर कमी आणि न येणाऱ्या फोनवर जास्त अवलंबून असतो. वार्षिक देखभालीचा करार पहिल्याच दिवशी बोला: वर्षातून दोन भेटी, सॉफ्टवेअर अपडेट, बॅकअप, ठरलेली रक्कम. लेखी द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा कर्जात शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. पण पहिल्या दोन कामांना कर्ज काढूच नका, गिऱ्हाइकाकडून साहित्याची रक्कम आगाऊ घ्या.

७. किल्ली गिऱ्हाइकाची

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. ॲपचं खातं कोणाच्या ईमेलवर उघडता? सोयीसाठी अनेक जण स्वतःच्या ईमेलवर दहा-दहा घरं चालवतात. तसं करू नका. कोणत्या घरात कधी दिवा लागतो, घर कधी बंद असतं, हे सगळं तुमच्या मोबाईलवर दिसणं म्हणजे दहा घरांच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरणं. उद्या त्यातल्या एका घरी चोरी झाली तर पहिलं बोट कोणाकडे?

खातं गिऱ्हाइकाच्या नावाने उघडा. पासवर्ड त्याच्यासमोर बदला, एका कागदावर लिहा, पाकिटात घालून घरातल्या कपाटात ठेवायला सांगा. ॲपमध्ये दिव्यांची नावं घरातल्या भाषेत द्या: ओसरी, देवघर, माजघर, न्हाणी. तुमच्यानंतर दुसरा कोणी आला तरी त्याला काम पुढे नेता आलं पाहिजे. गिऱ्हाईक अडकून राहिल्यामुळे परत येत असेल तर तो एक दिवस सुटतोच. विश्वासाने आलेला शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

आता त्या मुलाचं काय झालं? महिनाभर त्याने स्वतःच्याच घरात जोडाजोडी केली. आईच्या शिव्याही खाल्ल्या. मग परत गुरुजींकडे गेला. म्हणाला, "गुरुजी, पैसे नकोत. फक्त बाथरूमच्या वाटेवरचा एक दिवा लावू द्या." जिन्याच्या वायरिंगने लावला. 'तीन बंद' त्यांच्यासमोर केले. गुरुजींनी स्वतः मेन खाली-वर करून बघितलं, शाळेत उत्तरपत्रिका तपासावी तसं. दोन आठवड्यांनी बाईंनीच निरोप पाठवला: ओसरीतलाही करून दे, संध्याकाळी देवळात गेलं की दिवा लावायचा राहतो.

त्या दुसऱ्या दिव्याचे पैसे गुरुजींनी न मागता दिले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारा आपला जिल्हा, इथे गिऱ्हाईक हुशार आहे आणि पारखूनच घेतं. पण एकदा पारखलं की सोडत नाही.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या ओळखीच्या तीन घरांत जाऊन वरचे पाच मुद्दे वहीत लिहा. काही विकू नका, फक्त बघा.
२. प्रत्येक घरात कोणती 'खेप' वाचवता येईल, ते एका वाक्यात लिहा.
३. एक मॉड्यूल विकत घ्या, स्वतःच्या घरात परवानाधारक माणसाच्या हाताने बसवा, आणि 'तीन बंद'ची परीक्षा घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसासमोर द्या.
४. त्या माणसाने दिलेला शेरा, मग तो कसाही असो, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत वार्षिक देखभालीचा करार कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत काम चोख ठेवा आणि मेन बंद केल्याशिवाय बोर्डात हात घालू नका.

भेटू लवकरच!